दिसले काय आणि ठरवले काय

उंब्रज, ता. कराड, जि. सातारा

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक),
जिल्हा परिषद, सातारा आणि सांगली यांस,

महोदय,

दहावीच्या विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकांकडे आहेत, आणि त्या गुणांचा आधार असलेल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण व अनुमान असे भाग ठरलेले असतात. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. परंतु अनेक शाळांत निरीक्षणाचा भाग प्रयोग होण्यापूर्वीच, आणि काही ठिकाणी प्रयोग न होताच, मागील वर्षीच्या वहीवरून अथवा बाजारातील गाईडवरून उतरवला जातो, हे आपल्या कार्यालयाला नव्याने सांगावे लागेल असे नाही. द्रावणाचा रंग बदलला की नाही हे विद्यार्थी परीक्षानळीत पाहत नाही, वहीत पाहतो. आणि नळीत वेगळेच काही दिसले तर दोष नळीला देतो.

या पत्राचा विषय प्रयोगशाळांची दुरवस्था हा नाही. उपकरणे कमी आहेत, हे खरे. पण उपकरणे आली म्हणजे वैज्ञानिक विचार येईल, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. अपेक्षित उत्तर कळण्याआधी दिसलेली गोष्ट लिहून ठेवणे आणि दिसलेले व ठरवलेले यांची गल्लत होऊ न देणे, या दोन सवयी लागल्या नाहीत तर सुसज्ज प्रयोगशाळेतही पाठांतरच चालते. आणि त्या लागल्या तर कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजसारख्या गावात काठी, बाटली आणि वही एवढ्या साहित्यावर वर्षभराचे विज्ञान शिकवता येते.

निरीक्षण म्हणजे ज्ञानेंद्रियांनी अथवा मोजमापाच्या साधनांनी टिपलेली आणि दुसऱ्या कोणालाही पुन्हा टिपता येईल अशी नोंद; अनुमान म्हणजे अशा नोंदींवरून, आधीच्या अनुभवाच्या साहाय्याने, न दिसलेल्या गोष्टीविषयी काढलेला निष्कर्ष. न्यायदर्शनाने हा फरक प्रत्यक्ष आणि अनुमान या दोन प्रमाणांच्या रूपाने फार पूर्वी मांडला असून, पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. धूर तेथे अग्नी, असा जो अव्यभिचारी संबंध त्या अनुमानाला आधार देतो, त्याला व्याप्ती म्हणतात. कृष्णाकाठच्या शाळेत हे उदाहरण थोडे पुढे नेता येते, कारण ऊसतोडीच्या दिवसांत आभाळात चढणारा धूर गुऱ्हाळाच्या चिमणीचा, फडात पेटवलेल्या पाचटाचा किंवा वीटभट्टीचा यांपैकी कशाचाही असू शकतो. अग्नी आहे एवढे अनुमान सोपे असते. कोणता अग्नी, हे ठरवताना धुराचा रंग, तो एका जागी किती वेळ टिकतो, पहाटे दिसतो की तिन्हीसांजेला, याच्या नोंदी लागतात, आणि प्रत्येक नोंद एखादी शक्यता बाद करते. शक्यता बाद करत जाणे हाच अनुमानाचा कणा आहे, आणि प्रयोगवहीच्या आजच्या वापरात त्यालाच जागा नाही.

शाळेच्या अंगणात रोवलेली एक मीटर उंचीची सरळ काठी हे अशा निरीक्षण-अनुमानाचे सर्वांत स्वस्त साधन ठरेल. सूर्य दुपारी बाराला डोक्यावर येतो, असे सर्वांनाच ठाऊक असते. त्यामुळे कोणी पाहत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि उंब्रज साधारण ७४ अंशांवर आहे. प्रत्येक अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने येथील मध्यान्ह घड्याळातील बारानंतर सरासरी ३४ मिनिटांनी होते. ही संख्या विद्यार्थ्याला आधी सांगू नये. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, अकरा ते एक या वेळेत दर दहा मिनिटांनी काठीच्या सावलीचे टोक खुणावून सर्वांत आखूड सावलीची वेळ त्याने स्वतः काढावी. म्हणजे ती नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराजवळ आणि फेब्रुवारीच्या मध्यास पावणेएकजवळ येते हे त्याच्याच वहीतून पुढे येईल, आणि पृथ्वीची कक्षा व तिच्या अक्षाचा कल यांविषयीचा धडा मध्यान्ह का सरकते या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला जाईल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या काठीची मध्यान्हीची सावली उत्तरेकडे सुमारे ८६ सेंटीमीटर पडते. पुढे ती आखडत जाऊन मेच्या ९ तारखेच्या आसपास नाहीशी होते, आणि त्यानंतर ऑगस्टच्या ३-४ तारखेपर्यंत चक्क दक्षिणेकडे पडते, कारण या काळात सूर्य उंब्रजच्या अक्षांशाच्या, म्हणजे साधारण १७.४ अंशांच्या, उत्तरेला असतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ झाकलेले, ही अडचण खरी आहे. परंतु ढगामुळे नोंद झाली नाही, असे प्रामाणिकपणे लिहिलेले रिकामे पान हेही विज्ञानाच्या वहीतील चांगले पान असते.

सावलीपेक्षा पाऊस या भागाच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि निरीक्षण व अनुमान यांचा सर्वांत समृद्ध पाठ पावसाच्या नोंदींतूनच देता येईल. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सांगली जिल्ह्यात शिराळा आणि आटपाडी यांच्यातही असाच चढउतार आहे. पर्जन्यमापक बनवण्यासाठी तळापासून तोंडापर्यंत सारख्या व्यासाची, सरळ भिंतीची बरणी पुरते, कारण अशा भांड्यात साठलेल्या पाण्याची उंची तोंडाच्या आकारावर अवलंबून राहत नाही, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी हा हिशेब सहज पटवता येतो. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. एकाच आवारातील तीन बरण्या वेगवेगळे आकडे दाखवतील; एक भिंतीच्या आडोशाला असेल, दुसरीवर झाडाचे थेंब गळत असतील, तिसरीचा तळ फुगीर निघेल. शिक्षकाने येथे बरोबर आकडा सांगून मोकळे होऊ नये. दोन नोंदींतील तफावतीचे कारण शोधताना विद्यार्थी जे शिकतो, ते नंतर महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी तुलना करताना त्याच्या उपयोगी पडते.

यापुढचा टप्पा अधिक नाजूक आहे. या भागातील घरोघरी मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ पर्जन्यनक्षत्रांचा हिशेब आजही चालतो. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणारा शेतकरी त्या हिशेबावर पेरणी, कोळपणी आणि भांगलणीचे वेळापत्रक बेततो. सूर्य त्या त्या नक्षत्रात येण्यावर हे नक्षत्रचक्र आधारलेले असल्यामुळे ते ऋतूंशी पिढ्यान्‌पिढ्या जुळत राहते, आणि जो थोडा फरक पडतो तो सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा. म्हणून पंचांगाचा दिनदर्शिका म्हणून होणारा हा उपयोग निरीक्षणावरच उभा आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. मात्र त्याच पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहनही दिलेले असते. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नऊने भागतात आणि बाकीवरून वाहन ठरवतात. बेडूक, म्हैस वा हत्ती आला तर भरपूर पाऊस, कोल्हा आला तर ओढ, असे फळ सांगितले जाते. हे मात्र भाकीत आहे, आणि भाकिताची परीक्षा घेता येते.

ती परीक्षा कशी घ्यावी, यातच वैज्ञानिक पद्धतीचा बराचसा अभ्यासक्रम सामावलेला आहे. नक्षत्र लागण्यापूर्वी वाहन आणि त्याचे फळ तारखेसह शाईने लिहून ठेवावे, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर अर्थ बदलण्यास वाव राहणार नाही. भरपूर म्हणजे किती मिलिमीटर, मध्यम म्हणजे किती, हे आधी ठरवावे. ते ठरवताना त्या गावाचा त्या पंधरवड्यातील नेहमीचा पाऊस पाहावा लागेल, आणि येथेच एखादा चौकस विद्यार्थी विचारील की वाहन तर महाबळेश्वरला आणि माणमधील दहिवडीला एकच आहे, मग भरपूर हा शब्द कोणत्या गावासाठी वापरायचा? वाहन ठरवण्याच्या गणितात सूर्य आहे, चंद्र आहे, पण सह्याद्री नाही. हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून आला तर त्याचे मोल शिक्षकाच्या संपूर्ण व्याख्यानाहून अधिक होईल, आणि म्हणूनच तो शिक्षकाने आधी विचारू नये. शिवाय एका पावसाळ्यातील नऊ नक्षत्रांपैकी पाच जुळली अथवा चुकली, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण नऊ वेळा नाणे उडवूनही तसे होऊ शकते. अनेक गावांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र आल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा संयमही याच उपक्रमातून शिकता येतो. पंचांग खोटे आहे हे सिद्ध करा, अशा आज्ञेने तो सुरू झाला तर मात्र तो प्रयोगवहीच्याच वाटेने जाईल, कारण तेथेही निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर असा उलटा क्रम लागेल.

भाकीत तपासणारा असा प्रयोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे आणि त्याचा उल्लेख विज्ञानाच्या वर्गात क्वचितच होतो, याचे आश्चर्य वाटते. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मकुंडल्या जमवून, त्यांतील चाळीस-चाळीस कुंडल्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निवडीत कोणाचीही इच्छा शिरणार नाही अशा रीतीने, प्रत्येक ज्योतिषाला पाठवण्यात आल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगण्यात आले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर ओळखण्याचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीने मिळणाऱ्या यशाइतकेही नाही. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्योतिषावरील मते बाजूला ठेवून या चाचणीची रचनाच आठवी-नववीच्या वर्गात मांडता येईल: यशाची कसोटी आधी का ठरवायची, नमुना मोठा का घ्यायचा, आणि कुंडलीचा गट परीक्षार्थीपासून लपवून का ठेवायचा.

याहूनही मोठा पाठ दोन्ही जिल्ह्यांच्या पायाखाली आहे. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले, त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० ते २०० माणसे दगावली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, हा तोपर्यंतचा समज होता. धरण झाले आणि भूकंप झाला, या दोन घटना लागोपाठ घडल्या, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. अशा केवळ सोबतीला सहसंबंध म्हणतात, आणि सहसंबंधातून कार्यकारणापर्यंत जाण्यासाठी भूशास्त्रज्ञांना काही दशके नोंदी ठेवाव्या लागल्या. धक्क्यांची केंद्रे धरणाजवळच्या मर्यादित पट्ट्यातच एकवटलेली आहेत, पाऊसकाळात जलाशय भरल्यानंतर आणि पुढे तो उतरत असताना धक्क्यांची संख्या वाढते, आणि पाण्याची पातळी किती वेगाने चढली, किती उंच गेली व तेथे किती काळ टिकली यांचाही त्यांच्याशी संबंध दिसतो, अशी निरीक्षणे साठत गेली. शिराळा तालुक्याच्या सीमेवरील वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ पासून तेथेही धक्के सुरू झाले, तेव्हा एका अनुमानाला निसर्गानेच दुसरी चाचणी उपलब्ध करून दिली.

तरीही प्रश्न संपला नाही, आणि विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे ते नेमके इथून पुढचे. महाराष्ट्रात मोठी धरणे शेकडो आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या परिसरात असे धक्के बसत नाहीत. म्हणजे पाणी एकटे पुरेसे कारण नाही. आज मान्य असलेले स्पष्टीकरण असे की खडकांतील जुन्या प्रस्तरभंगांवर, म्हणजे ज्या भेगांच्या बाजूंनी खडक सरकतो अशा जागांवर, भूगर्भातील ताण आधीच साठलेला असतो आणि जलाशयातून झिरपणारे पाणी तेथील छिद्रांतला दाब वाढवून त्या सरकण्याला निमित्त देते. पाणी भूकंप घडवत नाही, घडू पाहणाऱ्याला चालना देते. हे स्पष्टीकरण भूकंप जिथे घडतो त्या खोलीजवळ जाऊन तपासावे, या हेतूने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला कूपनलिका भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि कोयना परिसरातील गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण केले. सव्वा किलोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, थर आणि त्यांखाली थेट ग्रॅनाइटसदृश प्राचीन खडक, अशी रचना त्यातून हाती आली. उंब्रजहून कराड महामार्गाने अर्ध्या तासावर आहे. शाळेची सहल मात्र वॉटरपार्कला जाते.

या परिसराला त्याच्या स्वतःच्या विवेकवादी परंपरेची ओळख नव्याने करून द्यावी लागते, ही खंत आहे. बुद्धिप्रामाण्याचा आग्रह धरणारे गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कराडजवळच्या टेंभूत जन्मले. आता टेंभू म्हटले की उपसा सिंचन योजना आठवते, तीही अर्थात कमी महत्त्वाची नाही. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातील काले येथे केली. शोधक बुद्धी व वैज्ञानिक दृष्टिकोन यांचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवणारा अनुच्छेद ५१-क १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आला. भाषणांसाठी यांतील प्रत्येक गोष्ट वापरली जाते.

सरकारी शाळांत असे शिक्षण चालत नाही, हा आक्षेप अनुभवाला धरून नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम १९७८ पासून जिल्हाभर चालला. विद्यार्थी गटाने प्रयोग करून निष्कर्षावर चर्चा करत, आणि परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्यास मुभा असे, कारण प्रश्नांची उत्तरे उतरवून घेण्याजोगी नसत. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट अशक्य म्हणता येत नाही. ती टिकवणे मात्र शिक्षक प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रशासन या तिन्हींच्या एकाच वेळच्या पाठबळावर अवलंबून असते, हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

दहावीचे वीस गुण मंडळाच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे त्यांविषयी आपल्याकडे मागणी करणे व्यर्थ होईल. परंतु पाचवी ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनातील प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प या साधनांचा वापर कसा व्हावा, हे आपल्या परिपत्रकाने ठरू शकते. प्रकल्पाच्या वहीत डाव्या पानावर तारीख-वेळेसह निरीक्षण आणि उजव्या पानावर अनुमान असावे. अनुमानाखाली, कोणती नोंद मिळाली तर हे अनुमान चुकीचे ठरेल, याचे एक वाक्य विद्यार्थ्याने लिहावे. पुस्तकाशी न जुळणाऱ्या निरीक्षणाचे गुण कापू नयेत आणि दोन विद्यार्थ्यांची निरीक्षणे अक्षरशः जुळली तरच शंका घ्यावी. तालुका विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या ज्वालामुखींच्या रांगेशेजारी वर्षभराच्या नोंदींसाठी एक विभाग असावा. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत शाळांचे पर्जन्यमापनाचे तक्ते एकत्र करावेत, म्हणजे कोयनेच्या खोऱ्यापासून आटपाडीपर्यंतच्या नोंदी एका कागदावर येतील. खर्च बरण्यांचा आणि कागदाचा.

शिक्षकांवरील कामाचा बोजा पाहता यात नवा अहवाल, नवे ॲप वा छायाचित्र पाठवण्याची सक्ती जोडू नये, ही विनंती तितक्याच गांभीर्याने आहे. ज्या दिवशी वही अपलोड करण्यासाठी लिहिली जाईल त्या दिवशी ती पुन्हा मागील वर्षीच्या वहीवरून उतरवली जाईल.

मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागते आणि शाळा त्यानंतर आठवड्याने उघडतात, त्यामुळे पहिल्या नक्षत्राच्या आरंभीच्या नोंदी हाती लागणार नाहीत. आर्द्रा मात्र २१-२२ जूनच्या सुमारास लागते. त्या सकाळी साडेआठला प्रत्येक शाळेच्या मोकळ्या आवारात बरणी असावी आणि तिच्या शेजारच्या वहीत त्या पंधरवड्याचे वाहन आधीच लिहिलेले असावे, एवढ्या बेताने परिपत्रक शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यात निघणे आवश्यक आहे.

कळावे.